बुजवलेली वाट

झादच्या घाटात पहिल्याच मोठ्या वळणावर टॅक्सीने मान टाकली. हद्दूने दुसरा गिअर टाकला, मग पहिला. मागे काळ्या धुराचे असे लोट उठले की रस्ता दिसेना. मागच्या सीटवर त्याची बायको इत्तो उशीला टेकून बसली होती. बोलण्यात जाणारा श्वास ती जपून वापरत होती.

डायलिसिसची मागची पाळी बर्फाने हुकली होती. आज घाटापलीकडच्या अझ्रूच्या केंद्रात पोचून रक्त धुऊन घेतलं नाही, तर अंगात साठलेलं पाणी छातीत चढेल, असं डॉक्टरीणबाईंनी हद्दूला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याने ते तिच्यापासून लपवलं होतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एक गोष्ट लपवता आली असेल तर शपथ.

गाडी वळवून, उतारावर नुसती सोडून देत त्याने ती खाली झैदा गावापर्यंत आणली. एरवी त्या रस्त्यावर भाजत्या मांसाचा धूर आणि टॅक्सीवाल्यांची आरडाओरड. आज रमझान ईदचा दुसरा दिवस, सगळी दुकानं बंद. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन मिदेल्तला गेली होती. ओळखीचे बाकीचे टॅक्सीवाले आपापल्या गावी. त्यांचे फोन नुसतेच वाजत राहिले. शेवटी हद्दूने बा अस्सूचं दार ठोठावलं.

बा अस्सू म्हणजे त्या भागातला सगळ्यात जुना मिस्त्री. ईदचा पांढरा झगा तसाच वर खोचून त्याने गॅरेजचं शटर उघडलं. त्याच्या बायकोने इत्तोला चहा आणून दिला. इत्तोने ओठ ओले करून पेला मांडीवर धरून ठेवला. घोटाघोटाचा हिशेब असलेल्या माणसाला पाहुणचारही जड जातो.

म्हाताऱ्याने एअर फिल्टर काढून झटकला. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा रबरी पाइप दाबून दाबून पाहिला, कुठे फाटलेला नव्हता. मग गाडी चालू ठेवून इंजेक्टरची एकेक पिन काढून पाहिली. प्रत्येक वेळी इंजिन लंगडायचं, पिन लावली की सावरायचं. म्हणजे इंजेक्टरही ठीक. टर्बोच गेला असणार, तो म्हणाला, आणि टर्बो काही ईद संपेपर्यंत मिळायचा नाही. हद्दू बंपरवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने डोकं धरलं.

इत्तोला मात्र गाडीतला वास छळत होता. त्यांची जुनी लांबलचक गाडी होती तेव्हा असलं काही नव्हतं. सात माणसं, दोन मेंढ्या घेऊन ती गाडी झाद चढायची. ही गाडी आली आणि धाकट्या लेकीच्या, तूदाच्या लग्नाच्या वर्षी अशीच खोकायला लागली. नवरीचे कपडे याच वासाने भरले होते. आठ दिवस उन्हात टाकले तरी जाईना.

"अहो," ती म्हणाली, "हे तूदाच्या लग्नातलंच दुखणं आहे."

हद्दूने आठवून मान हलवली. ते दुखणं ईजीआरचं होतं. जळका धूर थोडा थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह काजळीने अडकला होता, आणि बा अस्सूने त्याच्या तोंडावर पत्र्याची पट्टी ठोकून ती वाटच बुजवली होती. तिकडे सगळ्या डिझेल गाड्यांना हाच उपाय. त्यानंतर समोरचा पिवळा दिवा कायमचा पेटला, तर त्यावर काळी चिकटपट्टी लावली, झालं.

"वहिनी, ती वाट मी बंद केलीय, माझ्या हातांनी," बा अस्सू म्हणाला. "बुजवलेल्या विहिरीतून कुणी पाणी काढतं का?"

हद्दूने मान खाली घातली. मिस्त्रीचं काम त्याच्याच देखत खोलून बघा म्हणणं म्हणजे त्याच्या दाढीला हात घालणं. टॅक्सीवाला असं करत नाही. उद्या पुन्हा त्याच्याच दारात यायचं असतं.

इत्तोने पेला खाली ठेवला. दार धरून उतरली. पाय इतके सुजले होते की बुटांचे बंद बांधताच आले नव्हते. चार पावलं चालताना ती दोनदा थांबली. खांद्यावरचं लोकरी पांघरूण काढून तिने उघड्या इंजिनावर टाकलं.

"बा अस्सू, मी तुझ्यावर आर टाकते. माझा जीव तुझ्या दारात आहे. ते उघड."

आर टाकल्यावर, म्हणजे अशी शपथेची गळ घातल्यावर, नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याच्या घराला ते लागतं, अशी तिकडची माणसं मानतात. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्याने पांघरूण उचललं, डोळ्यांना लावलं, तिच्या खांद्यावर परत घातलं आणि पाना हातात घेतला.

गरम बोल्ट फडक्याने धरून त्याने ईजीआर सोडवला. पट्टी जागेवर होती, पण मधोमध जळून तिला भलं मोठं भोक पडलं होतं. गळून पडलेला तुकडा व्हॉल्व्हच्या तोंडात आडवा बसला होता, म्हणून तो उघडाच राहिला होता आणि सगळा धूर इंजिनात शिरत होता. बा अस्सू बराच वेळ ती पट्टी बोटांत फिरवत राहिला.

"अर्ध्या तालुक्याच्या गाड्यांत बसवल्यात मी अशा," तो हळूच म्हणाला.

"त्यांचं मागाहून बघ रे बाबा," हद्दू म्हणाला. "आधी हिचं."

तुकडा चिमट्याने निघाला. व्हॉल्व्ह डिझेलने, तारेच्या ब्रशने घासला, बोटाने दाबला तेव्हा तो मिटला. नवी पट्टी बा अस्सूने बसवली नाही.

गाडी झाद चढली. हद्दूला माथ्यावर क्षणभर थांबून दुआ मागायची होती. "तुम्ही चालवा," इत्तो म्हणाली, आणि तेवढ्याने तिला धाप लागली. पुढच्या उतारावर ती खिडकीला कपाळ लावून तोंडाने श्वास घेत राहिली. हद्दू तिच्याशी सारखा बोलत होता, मेंढ्यांबद्दल, तूदाच्या मुलांबद्दल, काहीही. ती हुंकार देईनाशी झाली की आणखी मोठ्याने.

केंद्रात पोचले तेव्हा दिवसभराची मशिनं धुऊन झाली होती. परिचारिका अंगात कोट घालून, हातात किल्ल्या घेऊन दारात उभी होती. घरी ईदचे पाहुणे खोळंबले होते. हद्दू सबबी सांगू लागला, घाट, पट्टी, व्हॉल्व्ह. तिने ऐकलंच नाही. तिने खाली वाकून इत्तोच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेना.

तिने कोट काढला आणि आतला दिवा लावला.