पिवळ्या उसात अंजनाच्या खुणा

निमोण्याच्या बाळासोंच्या घरी दर पाचव्या दिवशी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा यायचा, आणि तो वाचता यायचा फक्त थोरल्या सुनेला, अंजनाला. तिचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याच्या वाटणीच्या दोन एकर उसाला तिचं नाव लागलं होतं, आणि साखर कारखान्याच्या नकाशा वाचायच्या प्रशिक्षणाला बसायला दुसऱ्या कोणाला सवड नव्हती. नकाशात ऊस हिरवा दिसला की बरा. पिवळा डाग दिसला की तिथं जाऊन उसाचा फोटो कारखान्याला पाठवायचा. फोटो काढला की त्या जागी लाल खूण उमटायची. अंजना पात्यांनी हात कापून घेत नेमक्या जागी पोहोचायची.

ऑगस्टात उसाच्या एका बेटाच्या मुळाशी तिला मुळं खाणारी हुमणी सापडली. मूठभर पांढऱ्या जाड अळ्या पदरात घेऊन ती घरी सासऱ्यांपुढं, बाळासोंपुढं आली.

"मामा, हुमणी लागलीया. आत्ताच मुळाशी औषध सोडलं तर ऊस हाती लागंल."

धाकटा दीर ज्ञानेश शिक्रापूरला कंपनीत सुपरवायझर. शिकलेला, म्हणून घरात त्याच्या शब्दाला वजन. त्यानं तिचा मोबाइल घेऊन नकाशा न्याहाळला.

"आबा, हे बघा. जिथं लाल खूण, तिथंच पिवळं. आन् खुणा कुणाच्या? वहिनीच्या."

"भावजी, पिवळं आधी पडतं, मी मागनं जाते. खाली तारखा हायेत, वाचा की!"

तारखा वाचायला शिक्षण लागतं, ते ज्ञानेशकडं होतं. नियत नव्हती. सासू रतनबाईला तर पुरावाही नको होता.

"पोरगं खाल्लंस, आता रान खातीस व्हय गं? उद्यापासनं उसात पाऊल टाकायचं न्हाई!"

मोबाइल ज्ञानेशनं ठेवून घेतला. अळ्या कोंबड्यांपुढं टाकल्या. औषध आणायचं सोडून घरात पाच सवाष्णी जेवायला बोलावल्या, बांधावर हळदकुंकू वाहिलं. त्यांच्यासाठी पुरण वाटलं अंजनानं, पोळ्या लाटल्या अंजनानं. सवाष्णी दारात आल्या तेव्हा रतनबाईनं तिला धान्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. त्यांची जेवणं उरकेपर्यंत ती आत उभी होती, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही एकीच्याही घशात घास अडकला नाही.

तीन आठवड्यांत नकाशात एकही नवी खूण उमटली नाही, आणि सगळं रान पिवळं पडलं. बाळासोंनी एक बेट धरलं, तर ते मुळ्यासारखं उपटून हातात आलं. ते अंगणात येऊन मटकन खाली बसले.

"तिनं पाऊल न्हाई टाकलं, तरी बी गेला गं ऊस."

"पाऊल न्हाई, पन सावली घरात हाय ना तिची," रतनबाई म्हणाली. "हिच्या भावाला फोन लावा, घिऊन जा म्हनावं. जाताना रान सोडल्याची सही बी करून दे म्हनावं."

ज्ञानेशनं वहिनीचं बोचकं अंगणात आणून टाकलं. शेजारपाजारी गोळा झाले. अंजना पुढं झाली आणि त्याच्या हातातून तिनं स्वतःचा मोबाइल ओढून घेतला.

"पिवळं पडलं तीन तारखेला. मी गेले पाच तारखेला. दुसरं पिवळं आठला, मी गेले धाला. तुमीच बघा, मामा."

बाळासोंनी चष्मा लावला. एकेक तारीख बोटानं धरून वाचली. त्यांना कळलं. चांगलं कळलं. 'पोरीचं खरं हाय' एवढं म्हणायला जीभ मात्र उचलली नाही.

"सही मी करणार न्हाई," अंजना म्हणाली. "हितंच ऱ्हाणार, आन् उद्या उसात जाणार. अवदसा म्हना नायतर काय बी म्हना. आजवर न वाचता म्हनत व्हता, आता वाचून म्हना."

तिनं बोचकं उचललं आणि ती घरात गेली.