पडद्याआडचं इंग्रजी

“एकही चूक नाही!” सरांनी मोबाइल कानापासून दूर केला आणि मांडीवर थाप मारली. “वाक्यं कशी, इस्त्री केल्यासारखी. मग रडतेस कशाला?”

“रडत नाहीये, सर,” नाक पुसत चिमणी म्हणाली.

चिमणी ही सरांची जुनी विद्यार्थिनी. इंग्रजी बोलायला शिकायला क्लासला आली तेव्हा तिचा आवाज तिलाच ऐकू येत नसे, म्हणून सरांनीच ठेवलेलं हे नाव. आता ती एका कंपनीच्या परदेशातल्या ग्राहकांचे फोन घेते. घर तिच्यावर चालतं. मोबाइलवर तिच्याच एका फोनचं रेकॉर्डिंग होतं.

“साहेबही हेच म्हणाले. चूक एकही नाही, पण फोनवर माणूसही नाही. सोमवारी पुन्हा ऐकणार आहेत. नाही जमलं तर फोन काढून घेऊन मागच्या खोलीत बसवणार. आणि मागच्या खोलीतून लोक थेट घरी जातात.”

*पडदा*

सायकलच्या दुकानावर ही खोली, आणि खोलीत एक पडदा. मूळचा हिरवा, आता कुठल्याच रंगाचा नाही. बोलणाऱ्यानं त्याच्यामागे उभं राहायचं, ही सरांची पद्धत. तोंड दिसत नाही, म्हणजे लाज वाटत नाही. बोलताना ज्याची त्याची बोटं नकळत पडद्याची कड चुरगाळतात, तेवढी कड काळी पडली आहे. या पडद्यामागून किती तरी पोरं नोकरीला लागली.

सर त्याच्यामागे कधी गेले नव्हते. शिकवणाऱ्याचं तिथे काय काम?

*पडद्याच्या अलीकडे*

“पुन्हा लाव.”

चिमणीचा आवाज, खणखणीत: काइंडली होल्ड द लाइन. आय शॅल व्हेरिफाय द मॅटर. मग पलीकडची बाई, चाचरत: आर यू अपसेट विथ मी?

“रागावलीस का, विचारतेय?” सरांना खरंच कळेना. “अगं, एवढ्या आदरानं बोलतेस तू!”

“तोच आदर नडतोय. तिकडे आता रोजच्या बोलण्यात असं कोणी बोलत नाही, सर. काइंडली म्हटलं की त्यांना दाराला नोटीस लावल्यासारखं वाटतं. थँक यू म्हटलं तर उलट ‘नो वरीज’ म्हणतात.”

“आभाराला काळजी नको म्हणायचं? नासवली भाषा लेकाच्यांनी!”

“नासली नाही हो. पुढच्या गावाला गेली. आपण अजून जुन्याच थांब्यावर उभे, तिकीट हातात धरून.”

सर उसळून काहीतरी बोलणार, तेवढ्यात आतल्या स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. भाजी चिरता चिरता तिचे कान बाहेरच होते.

“पोरीचं बरोबर आहे. तुम्ही घरात ‘कृपया पाणी द्यावे’ म्हणता? ‘पाणी गं’ म्हणता नि मोकळे होता. मी तरी कधी म्हणते, ‘आपण जेवायला यावं’?”

“परवा म्हणालीस की.”

“परवा आपलं भांडण झालं होतं.”

चिमणी फिस्सकन हसली. सरही हसणार होते, पण हसू ओठावरच राहिलं. त्यांना एकदम ती सगळी पोरं दिसली. कुठकुठल्या टेबलांवर, कुठकुठल्या फोनवर, सरांनी घोटून घेतलेल्या आदरानं, अनोळखी माणसांना ‘आपण जेवायला यावं’ म्हणत बसलेली.

*पडद्याच्या पलीकडे*

सर उठले. आपली खुर्ची त्यांनी चिमणीकडे सरकवली.

“बस.”

“मी? तिथे?”

“तू ऐक. मी बोलतो. तिकडचे बोलतात तसं.”

आणि सर पडद्यामागे गेले.

आतली विळी थांबली.

“हाय… हाय देअर. सो, काइंडली… नाही, चुकलं.”

“आवाज पोचत नाही, सर.” चिमणीच्या तोंडून निघून गेलं. या खोलीत हे वाक्य आजवर एकाच माणसानं म्हटलेलं.

“हाय देअर. आय शॅल… छे! जीभ वळत नाही गं. जून झालेलं लाकूड, वाकवायला गेलं की मोडतं.”

पडद्याखाली सरांचे बूट दिसत होते. जुने, पण पॉलिश केलेले. एका बुटाचं टोक दुसऱ्यावर चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. पहिल्या दिवशी चिमणीच्या चपलांनीही हेच केलं होतं. ती खुर्चीतून पुढे झुकली.

“नो वरीज, सर. टेक युअर टाइम. आय ॲम हिअर.”

हळू आवाजात. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं.

पडद्याखालचे बूट जागच्या जागी थांबले.

“आत्ता काय म्हणालीस?”

“कुठे काय? असंच आलं तोंडात.”

“सोमवारी असंच येऊ दे.”

चिमणी खुर्चीतून उठली. “झालं ना मग सर? या ना बाहेर.”

“तुझं झालं. माझं अजून नाही.”

घसा खाकरल्याचा आवाज आला. पडद्याच्या काळ्या कडेवर चार बोटं आली, आणि कड चुरगाळू लागली.

“हाय देअर,” सर म्हणाले.