निळ्या दाराची बातमी

झरमीनाने ओढणीला लावलेला बारीकसा माईक पुन्हा चाचपला. समंदरने तो स्वतः लावला होता, वहिनीला हात लागू नये म्हणून अगदी बोटांच्या टोकांनी. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शाळेत जायचा. सासू गेल्यावर तिनेच त्याला हातचं खाऊ घालून वाढवलं. आता तो रोज टीव्हीवर बातम्या सांगायचा, आणि पेशावरात त्याला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता.

"घाबरू नकोस वहिनी. घरातच बोलतेयस असं समज."

"घरातच तर बोलतेय."

कॅमेरावाला हसला. कोपऱ्यातल्या गादीवर तिचा नवरा दाऊद काहवा पीत बसला होता. नमक मंडीतलं चपलांचं दुकान त्याने आज उघडलं नव्हतं.

कॉलेजवरच्या हल्ल्याला वर्ष होत आलं होतं. झरमीना तिथे रसायनशास्त्र शिकवायची. बंदूकवाले आत घुसले तेव्हा हाताला लागतील त्या मुली तिने प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत कोंबल्या. त्या खोलीच्या दारापुढे एक मोठं कपाट होतं. माणूस आडवा होऊन कसाबसा आत शिरायचा. बंदूकवाले येऊन गेले, पुन्हा आले, कपाट पाहून परत फिरले. मग बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि "निळं दार? कपाटाआड?" असं कुणीतरी विचारलेलं तिला आत ऐकू आलं. पाठोपाठ कपाट आडवं झालं. सैनिक पोचले खरे, पण दाराला पाठ लावून बसलेली तिची विद्यार्थिनी स्पोगमई तोवर गेली होती. झरमीनाचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.

ते दार बाहेरच्याला कळायचं कारण नव्हतं. चौकीदार गुलाब शेर मात्र त्या खोलीत झाडू ठेवायचा. फितूर आतलाच आहे, असं सगळ्या वाहिन्या घोकू लागल्या आणि पोलिसांनी त्याला उचललं. त्यांनी विचारलं तेव्हा झरमीनाही म्हणाली होती, हो, त्याला दार ठाऊक होतं.

"आधी ही सुरुवात बघून घे," समंदरने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे संपलं की तू बोलायचंस."

कॉलेजवरचा धूर, धावणारे सैनिक, रडवं संगीत. मग एका बाईचा धाप लागलेला, दबका आवाज. 'समंदर, आम्ही प्रयोगशाळेच्या मागे आहोत. निळं दार आहे, कपाटाआड. माझ्याबरोबर मुली आहेत. लष्कराला सांग.' पडद्याच्या कोपऱ्यात 'थेट' असा शब्द लुकलुकत होता.

"अंगावर काटा येतो ना?" कॅमेरावाला म्हणाला.

झरमीना पडद्याकडे बघत राहिली. आवाज तिचाच होता, अडगळीच्या खोलीतून समंदरला केलेल्या फोनवरचा.

"समंदर, हे दाखवलं तेव्हा आम्ही आत होतो?"

समंदरने मान हलवून कॅमेरावाल्याला बाहेर पाठवलं.

"मला वाटलं, लालाने तुला सांगितलं असेल," तो थोरल्या भावाकडे बघत म्हणाला.

दाऊदने पेला खाली ठेवला. काहवा बशीत सांडला.

"मी लष्करालाही कळवलं होतं, वहिनी. कुराणाची शपथ. ऑफिसला नुसती ध्वनिफीत पाठवली. त्यांनी तशीच चालवली. बाकीच्या वाहिन्या आमच्या पुढे निघाल्या होत्या, मी नको म्हणेपर्यंत..."

"म्हणालास? नको म्हणालास?"

त्याने लॅपटॉप मिटला.

"दाराचा रंग तू विचारलास मला. मी नुसतं प्रयोगशाळेमागे म्हणाले होते. तू म्हणालास, नीट सांग, वहिनी, दार कसलं आहे."

"त्यांना शोधायला सोपं जावं म्हणून."

"सोपं गेलं. त्यांचा कुणीतरी टीव्हीसमोर बसला होता."

"ते अजून सिद्ध झालेलं नाही," समंदर म्हणाला, अगदी बातम्यांतल्या आवाजात. मग त्याचं त्यालाच ते ऐकू गेलं असावं. त्याने मान खाली घातली.

झरमीना नवऱ्याकडे वळली.

"दुकानात टीव्ही चालू होता," दाऊद सावकाश म्हणाला. "तुझा आवाज आला. तू जिवंत आहेस, एवढंच कळलं मला. बाकीचं नंतर सुचलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"गुलाब शेरला धरला तेव्हा."

"आणि तू माझ्याशेजारी बसून त्याला शिव्या दिल्यास."

"भाऊ आहे तो माझा. तुझ्याच हातचं खाऊन मोठा झालाय. सांगून ती पोरगी परत येणार होती का?"

झरमीना एका हाताने माईक काढू लागली. चिमटा निघेना. समंदर मदतीला पुढे झाला तशी ती मागे सरकली आणि तिने हिसका दिला. ओढणीचा काठ टरकला. खुंटीवरची चादर अंगावर घेऊन ती बाहेर पडली. दाऊदने दारापर्यंत येऊन तिला हाक मारली. एकदाच, तीही हळू, शेजारी ऐकू जाऊ नये अशी.

पोलीस ठाण्यात अंमलदार तोच होता, तिचा जबाब घेणारा. तिने सगळं सांगितलं. त्याने मधे तोडलं नाही, पेनही उचललं नाही.

"बाई, चहा घेणार?"

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"त्या दिवशी फाटकाबाहेर आम्हीही तीच वाहिनी लावून बसलो होतो. आतलं दुसरीकडून काय कळणार? तुमच्या आवाजावरूनच तर जवान दारापर्यंत पोचले."

"मग गुलाब शेर?"

"कुणीतरी सांगितलं असणारच, असं लोक म्हणत होते." त्याने टेबलावरचे कागद उगीच सारखे केले. "आणि तुमचा जबाब होताच की."

"तो बदलायचाय मला."

"यजमानांना आणलंय?"

"नाही."

"उद्या त्यांना घेऊन या. घरच्यांशी बोला आधी. असल्या गोष्टी रागात करू नयेत."

"इथेच थांबते. कागद घेऊन या तुम्ही."

तो आत गेला. झरमीना व्हरांड्यातल्या बाकाकडे आली. तिथे एक बाई बुरख्याचा पडदा मागे टाकून बसली होती. झरमीनाला पाहून ती सरकली आणि तिने जागा करून दिली. गुलाब शेरची बायको. तुरुंगातल्या भेटीची परवानगी मागायला आली होती.

"बसा, बाई. इथे उद्या या म्हणतात, पण आपण बसूनच राहायचं. कंटाळून देतात." तिने झरमीनाचा अधू हात आपल्या हातात घेतला. "दुखतो का अजून? हे नेहमी तुमचं विचारतात. म्हणतात, बाई आत होत्या, बाईंना सगळं माहीत आहे. त्या सांगतीलच की मी तसला नाही." तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. "तुम्ही सांगितलंत ना यांना?"

"सांगितलं," झरमीना म्हणाली. "आज."

"आज?"

आतल्या खोलीत कुणीतरी कपाट उघडून कागद शोधत होतं. त्या बाईने झरमीनाचा हात हळूच तिच्या मांडीवर परत ठेवला, दुखू नये अशा बेताने, आणि ती बाकाच्या टोकाला सरकली.