साहेबांसाठी एक बाण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत चौकटराव चौकोन काढायचं काम करत. खरं नाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकालाच माहीत होतं. कंपनीला तक्रारी नोंदवायला नवं सॉफ्टवेअर हवं होतं, आणि सॉफ्टवेअर लिहिण्याआधी कामाचं मॉडेल तयार असावं लागतं, असं साहेब कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आले होते. म्हणून आकृत्या काढायचं एक महागडं टूल आलं आणि ते चालवायला कंत्राटावर चौकटराव आले. प्रत्येक विभागाचा एक चौकोन आणि कोण कोणाला काय देतो त्याचा एक बाण. गिऱ्हाईक फोनवालीला तक्रार सांगतं, फोनवाली मेकॅनिकला पत्ता देते, स्टोअरवाला त्याला सुटे भाग देतो, मेकॅनिक काम झाल्याची पावती बिलवाल्याला देतो, बिलवाला गिऱ्हाइकाला बिल देतो. झालं. एवढं चित्र चौकटरावांनी पहिल्याच आठवड्यात काढलं होतं. पुढचा सगळा काळ साहेबांचा चौकोन कुठे ठेवायचा यात गेला.

दरम्यान तळमजल्यावरच्या प्रोग्रामर पोरांनी मॉडेलची वाट पाहून पाहून शेवटी फोनवालीलाच शेजारी बसवून घेतलं, तिला विचारत विचारत सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते चालूही केलं. वरच्या मजल्यावर ही गोष्ट कोणी फारशी मनावर घेतली नाही. सॉफ्टवेअर झालं म्हणून मॉडेल थांबवायचं, इतका उथळ विचार तिथे कोणी करत नसे.

साहेबांच्या सूचना रोज यायच्या. आधी त्यांचा चौकोन मोठा झाला, मग त्याचे कोपरे गोल झाले, मग तो गडद निळा झाला, कारण आकाशी रंगात भारदस्तपणा नव्हता. एकदा त्यांनी हौसेने 'आपोआप मांडणी'चं बटण दाबायला सांगितलं, तर तो निळा चौकोन घरंगळत पार तळाला जाऊन बसला. टूलचा हिशोब सरळ होता: जिथून काही निघतं ते वर, जिथे येऊन थांबतं ते खाली.

"मी तळाला का?" साहेबांनी विचारलं.

"सगळं तुमच्यापाशीच येऊन थांबतं ना, साहेब," चौकटराव जपून म्हणाले.

उत्तर साहेबांना आवडलं. तरी चौकोन वर घ्यायला लावलाच.

पण खरं घोडं पेंड खात होतं ते तपासणीपाशी. टूलमध्ये मॉडेल तपासायची सोय होती. ती चालवली की साहेबांच्या चौकोनाभोवती लाल रेघ यायची आणि खाली अक्षरं उमटायची: 'या घटकातून काहीही बाहेर जात नाही.' फोनवाली, स्टोअरवाला, बिलवाला सगळे आपापल्या कामाची एकेक प्रत साहेबांना पाठवत. म्हणजे आत येणारे बाण भरपूर होते. बाहेर जाणारा एकही नव्हता.

"थोरल्या बाई गुरुवारी मॉडेल बघायला येणार आहेत," साहेब म्हणाले. थोरल्या बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. "एकही लाल रेघ दिसता कामा नये. तेवढं कर, कायम झाल्याचं पत्र तुझ्या हातात ठेवतो."

या पत्रावर चौकटरावांचं सगळं अडलं होतं. ते बायकोसह सासऱ्यांच्या घरी राहत, आणि तिथे पंखा किती वेगाने फिरावा हेही सासरे ठरवत. बायकोने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. एका खोलीला तर स्वतःची गॅलरी होती. घरमालकाची अट एकच, भाडेकरूची नोकरी कायम पाहिजे. "गॅलरीत मी काहीच करणार नाहीये," बायको म्हणायची. "नुसती उभी राहणार आहे. आणि मागून कोणी 'दार लोटून घे' म्हणणार नाही." चौकटरावांनाही ती गॅलरी तितकीच हवी होती.

तेव्हा साहेबांसाठी एक बाण शोधायला ते कंपनीभर फिरले.

"साहेब मला काय देतात?" फोनवालीने विचार केला. "काही नाही बाई. परवा माझं पेन घेऊन गेले, ते पण परत आलं नाही."

स्टोअरवाल्याला त्यांनी विचारलं, की माल बाहेर काढायला साहेबांची सही लागत असेल ना? "लागते की," तो म्हणाला. "पण सहीची वाट बघत बसलो तर तिकडे माणूस लिफ्टमध्ये लटकलेला. माल आधी जातो. सही मागनं होते, नाही तर राहते."

मेकॅनिक सगळ्यांत उत्साही निघाला. "आमचा संबंध आहे ना. साहेब एकदा आपल्याच लिफ्टमध्ये अडकले होते. मीच काढलं बाहेर."

म्हणजे आणखी एक बाण आत. चौकटराव हताश होऊन घरी गेले.

घरी सासऱ्यांना पडद्याचा दांडा बसवून हवा होता. चौकटराव स्टुलावर चढले, बायकोने स्टूल धरलं आणि सासरे खुर्चीत बसले. "डावीकडून जरा वर, जावईबापू. फार झालं. आता उजवीकडून. असा नाही धरायचा दांडा." दांडा बसला. सासऱ्यांनी समाधानाने घाम पुसला. "झालं बघा आपलं काम," ते म्हणाले.

चौकटराव स्टुलावरच थांबले. सासरे काहीच करत नव्हते, पण त्यांच्याकडून काहीतरी अखंड बाहेर पडत होतं. सूचना! साहेबही उंटावरून शेळ्या हाकण्यात वाकबगार होते. मग त्या सूचना मॉडेलमध्ये का नसाव्यात?

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या चौकोनातून एक बाण काढला आणि त्यावर 'सूचना' असं लिहिलं. आता तो न्यायचा कुठे? सूचना कोण ऐकतं? प्रामाणिकपणे पाहिलं तर एकच माणूस. म्हणून चौकटरावांनी स्वतःचाही एक छोटासा चौकोन काढला. तर तोही लाल झाला, कारण त्यातून काही बाहेर जात नव्हतं. मग त्यांनी तिथून 'चित्र' असा बाण काढला आणि तो नेला साहेबांकडे, कारण चित्र दुसरं कोणी बघत नसे. तपासणी चालवली. 'एकही त्रुटी नाही.' चौकटरावांनी तिथल्या तिथे बायकोला फोन लावला आणि गॅलरीवाल्या घराला हो कळवून टाक म्हणाले.

गुरुवारी थोरल्या बाई आल्या. मोठ्या पडद्यावर चित्र लागलं. माऊस चौकटरावांच्या हातात होता, साहेब शेजारी ताठ उभे होते. बाईंनी निळ्या आणि त्याला जोडलेल्या छोट्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

"हे दोघं आपापसात काय करतात?"

"साहेब सूचना देतात," चौकटराव म्हणाले. "मी चित्र देतो."

"कशाचं चित्र?"

"हेच."

"आणि सूचना कशाबद्दल?"

"चित्राबद्दल," ते म्हणाले.

"मॉडेल अगदी काटेकोर आहे, बाई," साहेब अभिमानाने म्हणाले. "यातला कुठलाही चौकोन काढा, लगेच लाल होतं."

"हो? मग हे दोन काढून दाखवा बघू."

चौकटरावांनी दोन्ही चौकोन निवडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं, पण माऊस सोडून पळून जायची सोय नव्हती. टूलने विचारलं: 'फक्त चित्रातून लपवायचं, की मॉडेलमधून काढायचं?'

"यात फरक काय?" बाईंनी विचारलं.

खोलीत ते फक्त चौकटरावांनाच सांगता येत होतं. "लपवलं तर नुसतं दिसत नाही, बाई. आत असतंच," ते म्हणाले. "काढलं तर कुठेच उरत नाही."

"मग काढा."

त्यांनी काढलं. निळा चौकोन गेला, छोटा गेला. फोनवालीचा बाण मेकॅनिककडे जात राहिला, बिल गिऱ्हाइकाकडे जात राहिलं. तपासणी चालवली, तर एकही रेघ लाल झाली नाही. बाईंनी चित्र शेवटपर्यंत नीट वाचलं, "आता कळतंय," म्हणाल्या, आणि सोबतच्या कारकुनाला दोन नावं लिहून घ्यायला सांगून बाहेर पडल्या.

साहेब खुशीत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चौकटरावांच्या पाठीवर थाप मारली आणि कानाशी वाकले.

"किती मोकळं दिसतंय बघ. हे आधीच सुचायला हवं होतं तुला," ते म्हणाले. "चल, तुझ्या पत्रावर सही करतो."

चौकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस धुंडाळूनही न सापडलेला, साहेबांकडून खरोखर बाहेर निघालेला हा पहिला बाण होता, आणि आता तो सोडायला साहेब नव्हते आणि घ्यायला चौकटराव नव्हते.