तोकिजीचा फुगा

मोसमातला शेवटचा दिवस. उद्यापासून जपानच्या सुरुगा आखातात चार महिने खोल जाळ्यांना बंदी. किनुए धक्क्यावर मासळी निवडत बसली होती. तिचा धाकटा दीर इवाओ बोटीवरून उतरला आणि त्याने एक निळी बादली तिच्यासमोर अगदी अलगद ठेवली.

"वहिनी, दादाचा फुगा. अख्खा आहे."

किनुएने झाकण उचललं. संत्र्याएवढा गुलाबी फुगा, खाली पाकळ्यांसारखी लोंबणारी पोटं, त्याखाली बारीक दोऱ्या. या दोऱ्यांनी तळाचा चिखल धरून तो पाण्यात तरंगत राहतो. हा एक प्राणी नाहीच, अख्खं कुटुंब आहे, असं विद्यापीठातले ओनुमा सर सांगायचे. कुणी नुसतं खायचं, कुणी तरंगायचं, कुणी धरून ठेवायचं.

तिच्या नवऱ्याला, तोकिजीला, या फुग्याचं वेडच होतं हो! ही जात नवी दिसते, एक अख्खा मिळाला तर तुमचं नाव देतो, असा शब्द सरांनी दिला होता. तोकिजीने तीनदा आणला, तिन्ही वेळा चिंध्या. आणि हाच इवाओ मच्छीमार सोसायटीच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आमचा दादा मासे सोडून शेंबूड गोळा करतो!" लोक पोट धरधरून हसले. तोकिजीही हसला. त्यानंतर त्याने बादली कधी बोटीवर नेली नाही. दोन वर्षांपूर्वी गेला, तो तसाच.

"आज बरी आठवण झाली दादाची," किनुए म्हणाली. "तेव्हा जीभ आवरता आली नाही ना भावजी तुम्हाला?"

इवाओ ओशाळला. "हा फाटू नये म्हणून निम्म्या वेगानं जाळं ओढलं, वहिनी. मासळीही निम्मीच आली. खलाशी शिव्या घालतायत."

"उपकार झाले."

तो बोट धुवायला निघून गेला.

किनुएने सरांना फोन लावला. ते दोनच्या बसने येतो म्हणाले. पुढल्या महिन्यात सर निवृत्त होणार, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. तिचा जीव नुसता फुलून आला. छापून येऊ दे एकदा तोकिजीचं नाव, मग हसा म्हणावं मेल्यांनो!

बारा वाजले. मे महिन्याचं ऊन धक्क्यावर रणरणत होतं. तिने बादलीला हात लावला तर बादली कोमट. चाळीस वर्षं जे हात करत आले तेच त्यांनी आत्ताही केलं. तिने शेजारच्या पेटीतून दोन फावडी बर्फ उचलला, बादलीत ओतला, झाकण लावलं आणि सावलीत बसून भाताचा गोळा खाल्ला. चवीने खाल्ला.

दोनच्या बसने आलेल्या सरांनी झाकण काढलं. फुगा एका बाजूला कलंडला होता. पाकळ्या सुटून तळाशी पडल्या होत्या, दोऱ्यांचा लगदा झाला होता. वर बर्फाचे चार खडे अजून तरंगत होते.

"गोड्या पाण्याचा बर्फ?" सरांनी एक खडा उचलून पाहिला. "अहो, याला गोडं पाणी म्हणजे विष! कुठला तुकडा कुठे होता हे कळल्याशिवाय मी नाव कसं देऊ? कुणी घातला हा?"

धुतलेला सदरा घालून इवाओ नेमका तेव्हाच लगबगीने येत होता.

"यांनी," किनुए म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "यांना काय, मासे आणि हे सारखंच."

इवाओ जागीच थांबला. त्याने बादलीत पाहिलं. मग तिच्या पायाशी पडलेल्या बर्फाच्या फावड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"चुकलंच, सर," तो कमरेत वाकून म्हणाला. "सवय वाईट. बादली दिसली की बर्फ."

सर चारच्या बसने गेले. बादली इवाओने धक्क्याच्या टोकाला नेऊन रिकामी केली. त्याने शिव्या दिल्या असत्या, तर किनुएला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सोसायटीत मोसम संपल्याचं जेवण होतं. बातमी आधीच पोचली होती.

"इवाओने भावाचा फुगा बर्फात घातला!" कुणीतरी ओरडलं. "आता परवा बाजारात लिलाव करेल!"

सगळे पोट धरधरून हसले. इवाओही हसला, अगदी तोकिजी हसला होता तसा. किनुए पुरुषांच्या पंगतीत चहा ओतत होती. तिने सगळ्यांचे पेले भरले. त्याचाही भरला. आणि तोंड उघडलं नाही.