मागची रुंद चाकं आणि मी

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, स्वभावाने मी चांगला नाही. माझ्याबरोबर एकाच दिवशी साच्यातून निघालेले माझे तीन भाऊ शांत होते. जळका निघालो तो मीच. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटातली हवा तापायची.

आम्हा चौघांच्या अंगावर २०५ हा आकडा कोरलेला होता. ती आमची रुंदी, मिलिमीटरमध्ये मोजलेली. मोठ्या माणसाची एक वीतही भरत नाही. अशा बारीक अंगाने आम्ही कोल्हापूरच्या पवित्राताईंच्या गाडीला लागलो. पवित्राताई जनावरांच्या डॉक्टर. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर त्यांना रोज जावं लागे, म्हणून त्यांची गाडी चारही चाकांना जोर देणारी होती. पुढची आणि मागची चाकं एका लांब दांड्याने जोडलेली आणि मध्ये गिअरचा एक डबा. आम्ही चौघे सारख्या मापाचे असल्यामुळे त्या डब्याला कधी त्रास झाला नाही. दर सोमवारी पवित्राताई आमच्या प्रत्येकाची हवा तपासत. मी डावीकडचा, पुढचा. सुरुवात माझ्यापासून व्हायची. त्याचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू!

तीन वर्षं अशी सुखाची गेली. मग आमचे मागचे दोन भाऊ झिजले आणि सगळा घोटाळा सुरू झाला.

पवित्राताईंचे वडील रुद्राप्पा. त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि सगळं जग ते ट्रॅक्टरवरून मोजत. लेकीला डोंगरात त्रास होऊ नये म्हणून ते स्वतः गाडी घेऊन शमशुद्दीनचाचांच्या टायरच्या दुकानात आले. बोट दाखवलं ते थेट २५५ आकड्याच्या, आमच्याहून रुंद आणि उंच अशा दोन दांडग्या टायरांकडे. "ही मागं घाला. फुडं जुनीच ऱ्हाऊ द्यात."

चाचांनी पाना खाली ठेवला. "अण्णा, आसं करू नका. घालायची तर चारी घाला, न्हायतर चारी बारकी ऱ्हाऊ द्या."

"आवो, ट्रॅक्टर बघा की! मागं थोरली, फुडं बारकी. चिखलात कधी अडतोय व्हय त्यो?"

"ट्रॅक्टरच्या पोटातले गिअर त्याच मापानं केल्यालं असत्यात, अण्णा. हितं चारी चाकं एकमेकाला बांधल्याली हायत. मागची लांब टांग टाकणार, फुडची बारकी. मधला डबा तापून मरंल की! आणि शाहूवाडीच्या चिखलाखाली दगड हाय. बारीक चाक चिखल कापून दगडाला टेकतंय. रुंद चाक वरच्या वर घसरतंय."

पण रुद्राप्पांनी एकदा ठरवलं की ठरवलं. शेजारी उभ्या पवित्राताईंना चाचांचं म्हणणं पटलेलं दिसत होतं. वडिलांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्यांनी अडवलं नाही. चाचांनी मान हलवत ते दोघे मागे बसवले.

आणि मग काय थाट सांगावा त्या दोघांचा! रुद्राप्पांनी मागे नारळ फोडला. त्या दोघांखाली लिंबं ठेवली, हार घातले, हळद-कुंकू लावलं. माझ्यावर नारळाच्या पाण्याचे दोन थेंब उडाले, तेही चुकून. मी तीन वर्षं घाट चढलो होतो. त्या पाहुण्यांनी अजून दुकानाचा उंबराही ओलांडला नव्हता.

पुढे तर रोजचंच झालं. पेट्रोल पंपावर पोरं जमायची, मागे वाकून बघायची. "काय पाय हायत वाघाचं! नाद खुळा!" पुढे यायला कोणाला वेळ नव्हता. मी मनात म्हणायचो, अरे, नुसतं आडवं अंग म्हणजे ताकद का? चालताना केवढा घरघराट करतात हे! पण टायराचं ऐकतो कोण?

दर फेऱ्याला ते माझ्यापेक्षा चार बोटं जास्त रस्ता कापत. तो फरक मला जाणवायचा. मधला दांडा पिळवटायचा, डबा कण्हायचा. माझा शेजारी, उजवीकडचा भाऊ, काळजीत पडला. मला आनंद झाला. डबा बिघडू दे, मग समजेल सगळ्यांना, असं मी मनाशी म्हणालो.

त्यातच सोमवारची तपासणी थांबली. पावसाळ्याआधीची जनावरांची लस टोचणी सुरू झाली होती, तिच्या पाठोपाठ पावसातली आजारपणं आली आणि पवित्राताईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मला मात्र तसं वाटलं नाही. मला वाटलं, त्यांचंही मन मागच्या दोघांवर गेलं. मग मी रुसलो. माझ्या अंगात एक जुनं पंक्चर होतं. त्या जागेतून मी रोज थोडी थोडी हवा सोडू लागलो. मी चपटा दिसेन, पवित्राताई थांबतील, मला हात लावतील, एवढाच माझा डाव होता. कोणी बघितलंच नाही.

श्रावणातल्या एका दुपारी फोन आला. मलकापूरच्या वर एका वस्तीत धोंडुबाई नावाच्या बाईंची म्हैस विताना अडली होती. रेडकाचा पुढचा पाय आत दुमडला होता. पवित्राताई निघाल्या. दुकानाला सुट्टी होती, म्हणून रुद्राप्पाही बरोबर आले.

शेवटची चढण लाल चिखलाची होती. ती अर्धी चढलो आणि मागचे दोघे वरच्या वर घसरू लागले. अगदी चाचा म्हणाले होते तसंच. दांडा पिळला, डबा तापला आणि वेग दाखवणाऱ्या काट्याजवळचा पिवळा दिवा लागला. डब्याने स्वतःला वाचवण्यासाठी मागच्या चाकांचा जोर तोडून टाकला. आता सगळा भार आम्हा दोघा बारक्यांवर! मित्रांनो, ज्या क्षणाची मी किती महिने वाट बघत होतो, तो हाच. मागचे निपचित आणि पुढे मी. मी चिखल कापला. खालचा दगड लागला. मी पकड घेतली.

आणि माझ्या पोटात हवाच नव्हती. दगडाच्या धारेवर माझी कड दबली, मी चाकाच्या लोखंडी कड्यावरून सुटलो आणि चिखलात आडवा झालो.

जादा चाक होतं, पण जॅक चिखलात रुतत गेला. रुद्राप्पांनी गाडीला खांदा लावून बघितला. शेवटी पवित्राताईंनी पिशवी उचलली. "अप्पा, तुम्ही थांबा. मी चालत जाते." दोन किलोमीटर चढ त्या धावतच गेल्या.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा धोंडुबाई सोबत होत्या. त्या रुद्राप्पांना म्हणाल्या, "म्हस वाचली, अण्णा. तेवढं बास झालं. रेडी हुती. गुदमरली. आर्धा तास आदी आल्या आसत्या तर..."

रुद्राप्पांनी मागच्या रुंद चाकांकडे बघितलं. "मीच खोळंबा केला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून दुकानात आणल्यावर चाचांनी मला हातात घेतलं, फिरवून बघितलं. "ह्यात हवाच न्हवती की. कोण बघत न्हवतं काय ह्याच्याकडं?"

"माझंच चुकलं, चाचा," पवित्राताई म्हणाल्या.

"तसं न्हाय, ताई. मीच त्या दिशी हात जोडून न्हाई म्हणायला पायजे हुतं."

तिघांनी तीन चुका आपापल्या अंगावर घेतल्या. चौथी माझी होती आणि मला तोंड नव्हतं. मला लाज वाटली. तरी खोटं कशाला बोलू, रुंद टायर उतरताना बघून मला आत कुठेतरी गारही वाटलं. पण चाचांनी मग मलाही बाजूला टाकलं. चार नवे, २०५ आकड्याचे, एका मापाचे टायर आले, आणि माझा मत्सर त्यांच्याकडे वळला.

पुढे धोंडुबाईंनी मला पवित्राताईंकडे मागून घेतलं. त्यांची म्हैस पाण्याचं घमेलं लाथेने उलटायची. ते माझ्या मधल्या पोकळीत बसवलं की हलत नाही. तेव्हापासून मी त्यांच्या गोठ्याच्या दारात आहे.

मित्रांनो, गाडीचं चाक निवडताना त्याच्या रुबाबाकडे बघू नका. वाट कसली आहे ते बघा, जोडीला कोण आहे ते बघा, आणि जुन्यालाही आठवड्यातून एकदा हात लावा. रुसलेला कधी आवाज करत नाही.

गेल्या भाद्रपदात तीच म्हैस पुन्हा व्यायला आली आणि पुन्हा अडली. पवित्राताईंची गाडी तीच चढण सरळ चढून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या जागेवर बसलेला तो नवा टायर चिखलाने माखला होता आणि दिमाखात होता. माझा जळफळाट झाला. इतका की मला दुसरं काही दिसेना. तेवढ्यात आतून रेडकाचा बारीक आवाज आला आणि धोंडुबाई रडत रडत हसल्या, "रेडी हाय, बाई! जित्ती हाय!"

त्या दिवशी चढणीवर मी नव्हतो. बरं झालं, मी नव्हतो.