औंढ्यातलं गार घर

स्विचबोर्डावरचं पातळ प्लॅस्टिक अजून तसंच — कडेला सुटलेलं, धूळ धरलेलं. प्रेरणा ते नखानं उचकटत होती आणि तोंडानं शिकवत होती. तोंडाला आता तिची गरज उरली नव्हती... पोकळ भिंत, उन्हाची दिशा, उष्मा वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपा. आर्किटेक्चरची पोरं माना डोलवत होती. आईसाठी बांधलेलं हे घर दाखवायला ती दरवर्षी वर्ग घेऊन औंढ्याला येते. आबा, तिचे वडील, गेले, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं याचे नकाशे काढायला घेतले होते, आणि तेव्हापासून तिचं बरं चाललंय. म्हणजे आत काही हलत नाही, एवढंच.

"आई, चहा टाकतेस?"

आईनं, झुंबरबाईनं, एक कप्पा उघडला, मिटला. दुसरा उघडला. मग खालचा. साखर शोधत होती — स्वतःच्या स्वयंपाकघरात! प्रेरणा आत गेली.

"तू राहत नाहीस इथं."

"राहते की."

"आई..."

"झाडलोट कराय येती. निजाय निलेशकडं." निलेश धाकटा भाऊ, त्याचं घर रस्त्यापलीकडे, गोठ्याला लागून. "हितं लय गार हाय गं, न्हाई म्हनत न्हाई. पर रातीला म्हस हंबरली तर आयकू येत न्हाई. डोळ्याला डोळा लागत न्हाई बग."

गोठा तिनंच लांब हलवायला लावला होता. माश्या, वास, आरोग्य... खिडक्यांना दुहेरी काचाही तिच्याच. बाहेरचा आवाज कसा अडतो ते आत्ताच तर कौतुकानं सांगून झालं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुजी पोरं येत्यात न्हवं? घर रिकामं दिसलं तर तुज्या नोकरीचं काय?"

यावर रडू यायला हवं होतं. प्रेरणानं वाट पाहिली. आलं नाही. तिनं साखरेचा डबा काढून दिला.

तेवढ्यात पोरं स्वयंपाकघराच्या दाराशी आली. पायल नावाच्या मुलीनं विचारलं, "आजी, या घरात काय बदलावंसं वाटतं तुम्हाला?"

"काय बी न्हाई. समदं बेस हाय." आई पाठ केल्यासारखं म्हणाली आणि तिनं लेकीकडे बघितलं — बरोबर का, असं.

पोरं लिहून घेऊ लागली. पुढच्या वर्षीची पोरंही हेच लिहितील, आणि म्हातारी आदल्या दिवशी येऊन फरशी पुसून ठेवेल...

"लिहू नका," प्रेरणा म्हणाली. "आई इथं राहत नाही. तिला इथं झोप येत नाही."

"अगं येडी का खुळी तू!" आईचा चेहरा कसा झाला... चारचौघांत खोटं पकडलं गेल्यासारखा. पदर तोंडाशी धरून ती गॅसकडे वळली, आणि मला, प्रेरणाला, कळेना की मी तिला सोडवलं की उघडं पाडलं. सगळी पोरं माझ्याकडे बघतायत, घर कुठं चुकलं ते मी सांगेन म्हणून. आणि मला भीती वाटतेय — चांगली, आत काहीतरी हलल्यासारखी.